अण्णांच्या कॉम्प्युटरला नवा लॅपटॉप दिसेना

माणगावच्या आमच्या घरातून कुठलंही यंत्र कधी बाहेर जात नाही. नवं येतं, जुनं तिथेच राहतं. माझे सासरे, अण्णा, विचारतात, "चालतंय ना? मग असू दे!" त्यामुळे मैत्रिणींना एक किस्सा सांगायला बसले की मागून चार येतात.

*

लग्न होऊन आले ती ऑफिसचा नवा लॅपटॉप घेऊनच. अण्णांचा कॉम्प्युटर त्यांच्या मास्तरकीच्या दिवसांतला. दोन्ही एकाच राउटरला जोडले, पण दोघं एकमेकांना दिसेनातच!

"अण्णा, त्याची फाईल पाठवायची पद्धत जुनी आहे. नव्याला ती धोक्याची वाटते, म्हणून तो बोलतच नाही."

"मग दोघांशी बोलेल असं कोणीतरी शोध."

मी हसले. अण्णांनी माळ्यावरून नणंदेचा कॉलेजातला लॅपटॉप काढला आणि मध्ये लावला. जुन्याची फाईल त्याच्यात, त्याच्यातली माझ्यात. चाललं की! आठ वर्षं आयटीत काढलेली मी, बघतच राहिले.

*

प्रिंटर फक्त अण्णांच्या कॉम्प्युटरचं ऐकतो. "तू त्या फोल्डरमध्ये टाक, प्रिंट येईल," अण्णा म्हणाले. टाकली की पाच मिनिटांत खालून घर्रर्र! मी सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे!"

पंधरा दिवसांनी अण्णा मुरूडला गेले आणि प्रिंट बंद. तेव्हा कळलं, दर पाच मिनिटांनी फोल्डर उघडून अण्णाच प्रिंट देत होते!

"अहो, सांगायचं नाही का?"

"प्रिंट येत होत्या ना? मग काय सांगायचं!"

*

त्याच कॉम्प्युटरच्या आतली छोटी बॅटरी संपलेली. बंद केला की तारीख वीस वर्षं मागे, आणि आजची फाईल जुनी समजली जायची. अण्णा रोज सकाळी पेपरात बघून तारीख टाकत.

"बॅटरी बदलू या."

"बदल. पण चार वर्षांत एक दिवस चुकलो नाही हां!"

*

आमचा टीव्ही शेअर केलेले व्हिडिओ दाखवतो, पण मराठी नावं वाचता येत नाहीत. नुसते चौकोन; काना, अनुस्वार, मोडका पाय, सगळ्यांचा एकेक. मी एकेक उघडून शोधत होते. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "चार चौकोन म्हणजे लग्न. पाच म्हणजे बारसं. तुला कोणतं हवंय?"

*

आणि मागच्या वर्षी अण्णांचा तो कॉम्प्युटर गेला. कायमचा.

अण्णांच्या आईने म्हातारपणी आपली हकिकत सांगितली होती, ती सासूबाईंनी त्यावर टाईप केलेली. आजीच्या स्मृतिदिनाला ती वाचायची ठरली. काशीदहून अण्णांची बहीण खास ऐकायला आली. फाईल माझ्या लॅपटॉपवर होती. उघडली, तर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांची नुसती खिचडी! इंग्रजी कळांवर मराठी अक्षरं बसवणारा जुना फॉन्ट कॉम्प्युटरबरोबर गेलेला. नेटवरून तीन फॉन्ट आणले, एकही बसेना. अण्णा खिडकीत जाऊन उभे राहिले.

"आयचं सगळं गेलं म्हनायचं?" आत्यांनी विचारलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या त्या. स्क्रीनकडे बघत दहाही बोटं जेवणाच्या टेबलावर ठेवली. बोटं हलायला लागली, जणू कीबोर्ड समोरच आहे. आणि त्या वाचायला लागल्या.

"माझा जन्म शेताच्या बांधावर झाला. आईनं मला पदरात गुंडाळलं आणि राहिलेली लावणी पुरी केली..."

एक पान. दुसरं पान. अण्णा वळले. आत्या हुंदके देत म्हणाल्या, "व्हय, असंच बोलायची ती!"

तिसऱ्या पानावर बोटं थांबली. सासूबाई त्या खिचडीकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"आई, काय झालं? लागत नाहीये का?"

"लागतंय गं. इथे 'पाणी'ला मी पहिली वेलांटी दिलीय. चुकलंच."