शुभांगीच्या टेबलावरचा टॉवेल

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी शुभांगी सकाळी सातपासून एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई बघून मान फिरवणाऱ्याला ती एखादी गोष्ट सांगायला घेते आणि गोष्ट रंगात आली की म्हणते, "झालं, कापूस दाबून धरा." माणूस कापूस दाबत तिथेच रेंगाळतो, पुढे काय झालं म्हणून. माझ्या सासूबाई साखर तपासायला हल्ली नटून जातात, त्या यासाठीच.

रविवारी दुपारी मात्र शुभांगी कॉलेज रोडजवळ हर्षलच्या कॅफेत सापडेल. तिथे लोक टेबलाभोवती बसून गोष्टी खेळतात. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात. पाचपैकी चार टेबलांवर एकच खेळ चालतो, जगभर गाजलेला, ड्रॅगनचा. वीस बाजूंचे फासे खडखडतात, पोरं ओरडतात. माझी लेक सृष्टी त्यांच्यातलीच. पाचवं टेबल बेसिनजवळचं, ते शुभांगीचं. तिच्या खेळात ड्रॅगन नाही, डोंगरातल्या गावचा आठवडे बाजार आहे, तिने स्वतः रचलेला. सृष्टीला सोडायला गेले होते, तेव्हा एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून टेकले. त्याला आता वर्ष झालं.

शुभांगी हरसूलकडची. तिचे वडील सावळीराम गुरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटं धरून ठरवायचं. लहानपणी वडिलांच्या बाजूला बसून तिने तो टॉवेल हलताना पाहिलेला. तिच्या खेळात फाशांऐवजी तोच टॉवेल आहे. दोन पात्रांचं एखाद्या गोष्टीवरून अडलं, की हात टॉवेलाखाली. ठरलं की टॉवेल काढायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

ड्रॅगनवाल्यांना ती कधी नावं ठेवत नाही. सृष्टी एकदा म्हणाली, "मावशी, तुम्हीपण ड्रॅगनच चालवा ना. रांग लागेल."

"अगं, शनिवारी खेळते की मी त्यांच्यात. चेटकीण आहे मी, चांगली जबरी." शुभांगी हसली. "मिसळ मलाही आवडते. पण म्हणून घरात नागलीची भाकरी थापायचीच नाही का?"

पण थापलेली भाकरी खायला माणसं लागतात. आम्ही होतो तिघं: मी, लॅबमधली छाया, आणि भाजीचा टेम्पो चालवणारा कुंदन. तीन-चार महिन्यांपूर्वी कुंदनही उठला. "ताई, राग नका मानू. माझे सगळे दोस्त तिकडं आहेत. आणि इथं दोघं बोटं धरून बसले की बाकीच्यांनी मोबाईलच बघायचा ना?"

शुभांगीने मान डोलावली. ते खरं होतं, आणि तिला ते आधीच कळलेलं होतं.

मग हर्षल आला. मुलगा चांगला आहे, पण त्यालाही कॅफे चालवायचं आहे. "ताई, तुम्ही धरून निदान चार माणसं पाहिजेत. तिकडे सहा पोरं उभी असतात. या रविवारी चार नाही भरले, तर हे टेबल मी ड्रॅगनला देतो."

त्या आठवड्यात तिने भेटेल त्याला विचारलं. एक गृहस्थ सुई हातात असेपर्यंत नक्की येतो म्हणाले. सुई निघाल्यावर त्यांना आठवलं, की रविवारी साखरपुडा आहे.

रविवारी ती आली ती वडिलांचा हात धरून. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते तिच्याकडे उतरले होते. पांढरी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. हर्षल म्हणाला, "काका, एकदम हिरो!"

"हिरोला चहा पाज मग," म्हातारा म्हणाला आणि चौथ्या खुर्चीवर बसला.

शुभांगीने त्यांच्या पात्राची चिठ्ठी वाचून दाखवली. "आबा, तुम्ही सुईण आहात."

"मी? सुईण?" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. हाय तर हाय."

प्रसंग असा: बाजार उठला आहे, वर पाड्यावर एक बाई अडली आहे आणि गावात जीप एकच. छाया जीपवाली. सुईणीला स्वतःसाठी आणि सामानासाठी जागा हव्यात. जीपमध्ये पोती भरलेली. मी नागली विकायला आलेली बाई, मलाही घरी जायचंय. किती जागा सुटतात, त्यावर माझं जाणं.

आबांनी चष्म्याआडून काही बघायचा प्रयत्नच केला नाही. टॉवेलाखाली छायाचा हात धरला आणि मान वर करून गप्प बसले. छाया आधी हसली. मग तिचं हसू गेलं. टॉवेल हलला, थांबला, परत हलला. शेवटी आबांनी हात काढला.

"किती, आबा?" शुभांगीने विचारलं.

"किती म्हंजे?"

"आकडा सांगायचा. नियम आहे."

"कोणाचा नियम?" म्हातारा खुर्चीत ताठ झाला. "सांगायचंच व्हतं तर टॉवेल कशाला घातला? माझ्या हयातीत टॉवेलाखालचं वर आणलं नाय म्या. नाय सांगायचो."

छायाकडे पाहिलं, तर तीही ओठ मिटून बसलेली!

मला वाटलं, खेळ फसला. पण शुभांगी वडिलांकडे बघत होती, लहानपणी बघत असेल तशी. मग तिने वहीतला तो नियम खोडला. "ड्रॅगनमध्ये फासा सगळ्यांना दिसतो, म्हणून मी घातला होता हा," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "जीप सुरू झालीय, ताई. तुम्ही काय करता?"

काय करणार? जागा आहे की नाही, ठाऊक नाही. मी छायाचा चेहरा वाचू लागले. आबांचा वाचायला गेले, तर काळा चष्मा. टोपली डोक्यावर घेऊन धावू, की पायवाट धरू? मी खुर्चीतून अर्धी उठलेच, या वयात, कॅफेत. बेसिनवर हात धुवायला आलेला कुंदन नळ बंद करायचा विसरला.

"किती सुटल्या ओ?" त्याने छायाला विचारलं.

"गप रे," मीच ओरडले.

मी धावले. आबांनी हात पुढे केला आणि मला जीपमध्ये ओढून घेतलं. म्हणजे निदान एक तरी जास्तीची होती.

निघताना हर्षल डोकं खाजवत आला. "आज चार झाले, ताई. पण काका तर गावाला जाणार. पुढच्या रविवारी चौथा कोण?"

"आधी आकडा सांगा, मग मी बसतो," कुंदन म्हणाला.

"बसल्यावर विचार," शुभांगीने टॉवेलाची घडी घातली. "तरी नाही सांगणार कोणी."

आज ते टेबल बेसिनजवळच आहे. ड्रॅगनची चार, आमचं एक. महिन्यातून दोन रविवार कुंदन आमच्यात, दोन त्याच्या दोस्तांत, आणि त्या दोन रविवारी सृष्टी त्याच्या खुर्चीत येऊन बसते. छाया आणि मी एकाच रिक्षाने घरी येतो. त्या दिवशी किती जागा ठरल्या, ते तिने अजून सांगितलेलं नाही.