तीन माणसांच्या देशाचा बगल्या

अभिमनला एका जागी बसता येत नाही. माझ्याशी बोलतानाही तो दारापासून खांबापर्यंत फिरतो, आणि मध्येच थांबून आपले तळहात पाहतो. दिल्लीहून आल्यापासून हे असं आहे.

तो आमच्या गावचा. अमळनेरहून बोरीच्या काठाकाठाने चालत आलं की आमचं गाव लागतं. हंगामात तो सावद्याला रेल्वेच्या वाघिणींत केळी भरायला जातो, एरवी मिळेल ती मजुरी. गावाला त्याची आठवण होते ती चैत्रात, बारागाड्यांच्या दिवशी. एकीमागे एक अशा बारा बैलगाड्या बांधतात. बैल नसतात. गाड्यांत माणसं खच्चून बसतात आणि भगत कमरेला दोर बांधून त्या ओढत धावतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बगल्या असतो. भगत अडखळला की काखेत हात घालून त्याला उभा ठेवायचा, हे बगल्याचं काम. मागून बारा गाड्या येत असतात. पडलेल्याला उठायला सवड मिळत नाही.

अभिमन मिसरूड फुटल्यापासून बगल्या. त्याचा बापही बगल्या होता.

एक्कावन्नच्या मार्चमध्ये वाघिणीबरोबर केळी सांभाळत तो दिल्लीला निघाला. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. दिल्लीत नोकरीसाठी एकाला भेटायचं होतं, म्हणून मीही निघालो. आशियातल्या देशांचे खेळ तिथे पहिल्यांदाच भरले होते. आमच्या आडत्याची केळी खेळाडूंच्या मुक्कामी जायची, आणि ती टोपली अभिमनच्या डोक्यावर असायची.

तिथे त्याला तो भेटला. बुटका, मानेने जाड, वजन उचलणारा. त्याचा देश इतका लहान की मला नकाशात शोधावा लागला. त्या देशाचं नाव अभिमनच्या जिभेवर कधी बसलं नाही. संचलनात त्यांची तीनच माणसं होती. एक झेंडा धरणारा, दोघं त्याच्या मागे.

"बठ्ठा देश तीन मानसेस्नाच शे का भो?" अभिमनने विचारलं.

"नाही रे. आलेत तीन."

"मंग ठीक. माले वाटनं घर राखाले कोनी ऱ्हायनंच नही."

त्या बुटक्याने केळी खाल्ली, भरलेली टोपली एका हाताने उचलून दाखवली. अभिमनने ती त्याच्या हातून घेऊन दुसऱ्या हाताने उचलली. दोघंही हसले. भाषा नव्हतीच. उद्या ये, अशी त्याने खूण केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. त्यांचा झेंडेवाला तापाने पडला होता. तिसरा तेव्हाच दुसऱ्या मैदानावर धावत होता. त्यामुळे हा एकटा. बाकीच्यांच्या पाठी चोळायला, कोट धरायला माणसं होती. याने आपला कोट स्वतःच घडी करून खुर्चीवर ठेवला.

अभिमनची चुळबुळ सुरू झाली. "तेनाजोडे कोनीच नही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. मी त्याला खाली बसवलं.

शेवटचं वजन. पहिले दोन प्रयत्न वाया गेले होते. हा उरलेला एकच. त्याने लोखंड छातीवर घेतलं, श्वास धरला आणि डोक्यावर नेलं. हात सरळ झाले. गुडघे लटपटू लागले. एक पाय मागे सरकला.

"पडस तो!"

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. अभिमन दोरी ओलांडून फळ्यांवर चढला होता आणि त्या माणसाच्या दोन्ही काखांत त्याचे हात होते. घट्ट, जसे आमच्या भगताच्या, पितांबर आबांच्या काखेत असतात तसे. माणूस स्थिर झाला. वजन वरच होतं. अभिमनने माझ्याकडे पाहिलं, आणि तो हसत होता.

पंचांनी हात हलवले. वजन बाद.

प्रेक्षागार हसायला लागलं. लोक अभिमनला ओढून खाली घेत होते आणि त्याला काय झालं ते कळत नव्हतं. मी पंचांकडे धावलो. साहित्य शिकलेला माणूस मी. मला एवढंच सांगायचं होतं, की याच्या गावात असं एकट्याला सोडत नाहीत. बगल्या या शब्दाला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं. मी नुसता हातवारे करत राहिलो.

तो बुटका फळ्यांवर बसला होता. मग उठून आला. अभिमनचा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्याकडे बघितलं आणि सोडून दिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत अभिमन उभाच होता.

चैत्र लागला. गावात गाड्यांना तेलपाणी सुरू झालं. अभिमनने सांगितलं, मी यंदा बगल्या नाही. पितांबर आबा स्वतः त्याच्या दारात आले.

"दिल्लीले जाईसन साहेब व्हयना का रे?"

"आबा, मी हात लाया आन तेनं बठ्ठं गयं."

"मना मांगे बारा गाड्या ऱ्हातीस. तेना मांगे काय व्हतं?"

अभिमन फिरायचा थांबला आणि खाली बसला. दिल्लीहून आल्यापासून ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

बारागाड्यांच्या दिवशी तो आबांच्या बाजूला धावला. मी कडेला होतो. देवळाच्या उतारावर आबांचा पाय दगडाला लागला. ते पुढे झुकले. अभिमनचे हात निघाले, आणि हवेतच थबकले. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ओरडायचं मला सुचलं नाही. मग ते हात आबांच्या काखेत गेले. आबा उभे राहिले. थबकलेल्या त्या क्षणाची किंमत अभिमनच्या पायाने दिली. पहिल्या गाडीचं चाक त्याच्या पंजावरून गेलं.

जळगावच्या दवाखान्यात तो खाटेवर पडून होता. खाटेवरही फिरतच होता म्हणा, नुसत्या डोळ्यांनी. त्याची बायको बेबाबाई मला म्हणाली, "पायनं नाव एकदा बी लिधं नही. तो बुटकाच चालू शे."

"तेना मांगे गाडी नव्हती," अभिमन म्हणाला. "मी मांगे पाहेच नही भो. सवयच नही." मग म्हणाला, "तो परत उचली ना?"

पुढचे खेळ समुद्रापलीकडे भरले. तोवर मी अमळनेरला मास्तर झालो होतो. अभिमन लंगडत यायचा, रोज. मी वाचनालयात सगळी वर्तमानपत्रं चाळली. पहिल्या तिघांची नावं होती. त्या देशाचं नाव कुठेच नव्हतं. तो आला होता की नाही, तेही नाही.

मी अभिमनला तसं सांगितलं. तो दारापासून खांबापर्यंत गेला, परत आला.

"पहिला तीनच छापतस का?"

"हो."

"मंग उचलं व्हई तेनी. छापं नही इतलंच."

तो खांबापाशी थांबला, तळहात धोतराला पुसले आणि मला म्हणाला, "उद्यानं पेपरबी पाहीसन ठेव."