खंडेनवमीचं तेल

नागोजी मेस्त्रीच्या हाताला गुण आहे, असं बंगळुरात कलासिपाळ्यापासून लालबागेपर्यंत सगळे म्हणत, आणि नागोजीला ते अमान्य नव्हतं. गाडी अडली की मालक स्वतः बॉनेट उघडत नसत, नागोजीला बोलावणं धाडत. तो यायचा, इंजिनाला कान लावायचा, "हिला सर्दी झालीय" असं काहीतरी म्हणायचा आणि गाडी सुरू करून द्यायचा. घराणं तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांबरोबर इकडे आलेल्या मराठ्यांचं. घोडे गेले, तलवारी गेल्या, खंडेनवमी तेवढी राहिली. नागोजी ती गॅरेजात करायचा आणि अगदी साग्रसंगीत करायचा.

सत्तावन्न सालच्या दसऱ्यानंतर शेषगिरीरावांची गाडी त्याच्या गळ्यात पडली. शेषगिरीराव म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. कालव्याच्या कामावर असताना उजवा गुडघा कायमचा दुखावून घेतलेला, पण शौक असा की गाडी हवी ती दोन माणसांची, उघड्या टपाची, लढाईच्या आधीची विलायती. मायदेशी परतणाऱ्या एका मळेवाल्या साहेबाकडून घेतलेली. तिच्या स्टिअरिंगच्या मध्यावर बोटभर दांडी होती. हल्लीच्या गाड्यांत क्रूझ कंट्रोल नावाचं बटण असतं, त्याची ही आजी समजा. दांडी हव्या तिथवर सरकवून ठेवली की इंजिन तेवढंच पेट्रोल पीत राहायचं आणि पायाला विश्रांती. शेषगिरीराव महिन्यातून एकदा म्हैसूरला बहिणीकडे जात, ते या दांडीच्या भरवशावर. त्यांचा उजवा पाय म्हणजे ती दांडीच होती.

ती आता जागेवर राहीना. वर सरकवावी, तर म्हैसूरच्या वाटेवरचं केंगेरी यायच्या आत, झोपाळू माणसाची मान कलावी तशी, हळूहळू खाली यायची. गाडी मंदावायची. बिडदीपर्यंत पाय दाबून दाबून गुडघा भोपळ्याएवढा झाला, तेव्हा शेषगिरीराव माघारी फिरले आणि थेट गॅरेजात आले.

"नागोजी, स्वल्प बघा हिच्याकडे."

नागोजीने स्प्रिंग बदलली. दांडी खाली आली. कार्ब्युरेटर सोडवून, धुऊन, परत बसवला. दांडी खाली आली. पायाच्या पेडलचे सांधे तपासले, आणखी एक हलकी स्प्रिंग घालून पाहिली, कनकपुरा रस्त्याला गाडी पळवून आणली, आणि दर खेपेला ती मेली दांडी आपली खाली. गॅरेजातले लोक बघत होते. ज्याच्या हाताला गुण आहे त्याने एक दांडी जागेवर ठेवू नये, हे काही बरं दिसत नव्हतं.

शेवटी शेषगिरीराव म्हणाले, अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमच्यानं होत नसेल तर सांगा. मद्रासला ओळखीचं गॅरेज आहे."

हे नागोजीला झोंबलं. माणसाला झोंबलं की तो आरशात बघत नाही, आजूबाजूला बघतो. आजूबाजूला बसवंत होता.

बसवंत निपाणीचा. दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन आला, नागोजीच्या हाताखाली शिकला, त्याला अण्णा म्हणायचा. दसऱ्याच्या आधी या गाडीची, दांडीपासून इंजिनाकडे जाणारी, नवी केबल त्यानेच घातली होती.

"केबल कुणी घातली?" नागोजीने विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"म्या घातली, अण्णा. केबल बरोबर हाय. ओढून बघा."

"ओढून काय बघू? निपाणीला विड्या वळायच्या सोडून लोकांच्या गाड्या मोडायला आलास."

टायरवाला खंडोजी हसला, म्हणून बाकीचेही हसले. शेषगिरीराव हसले नाहीत, पण "सरी, ठीक आहे, केबल बदला मग" असं म्हणाले. म्हणजे तेच. बसवंतने हातातला पाना पुसला, जागेवर ठेवला आणि निघून गेला. नागोजीने त्याला जा म्हटलं नव्हतं. थांबही म्हटलं नाही.

केबल काढली तर ती उत्तम. तरी नवी घातली. दांडी खाली आली.

आता उरली ती फक्त दांडी. तिला त्याने हात लावला नव्हता, कारण तिच्यात बिघडण्यासारखं आहे काय? पण बाकी काही उरलंच नाही, म्हणून एका सकाळी त्याने स्टिअरिंगचा मधला भाग उघडला. दांडीच्या बुडाशी फायबरची एक चकती होती. तिच्या खरखरीवर दांडी धरून राहते. चकती कोरडी असेल तरच धरते. ही चकती तेलाने निथळत होती. त्याने नाकाशी नेली. एरंडेल.

नागोजीचे कान तापले.

लोखंडाला तेल दाखवल्याशिवाय शस्त्रपूजा होत नाही, असा त्याच्या आजोबांचा दंडक. खंडेनवमीला हळदकुंकू बाकीचे लावायचे, कोहळा खंडोजी फोडायचा, पण एरंडेलाची वाटी आणि पीस नागोजीच्या हातात. दुसऱ्या कुणी वाटीला बोट लावलेलं त्याला खपत नसे. पाने, जॅक, ऐरण, उभ्या असतील त्या गाड्या, सगळ्यांना तेल. शेषगिरीरावांची गाडी नवी केबल घालून तिथेच उभी होती. मोठ्या माणसाची गाडी म्हणून त्या दांडीवर त्याने पीस दोनदा जास्तच फिरवलं होतं, चांगलं ओघळेस्तोवर. तेव्हा दोष टाकायला दुसरं कुणी नव्हतंच.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. चकती पेट्रोलमध्ये धुतली, पत्र्यावर उन्हात वाळवली, बसवली. केंगेरीपर्यंत जाऊन आला, दांडी खिळा ठोकल्यासारखी. एरवी तो येताना गुणगुणला असता. आज त्याला वाटत होतं, ही पुन्हा खाली यावी, म्हणजे कारण तरी दुसरं निघेल.

गाडी न्यायला आलेल्या शेषगिरीरावांनी विचारलं, "शेवटी काय निघालं?"

"केबलच असणार, सार," खंडोजीच बोलला. नागोजी मडगार्ड पुसत राहिला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

घरी अंबूबाईने ताट वाढलं. ही त्याची बायको, वठारातल्या, म्हणजे चाळीतल्या, नळावरच्या सगळ्या बातम्या हिच्याकडे. "बसवंतची गंगव्वा आता सगळ्यांच्या आधी येऊन पाण्याची वाट बघते," ती म्हणाली. "घागर भरली की पळाली. बायका विचारतात ना, नवऱ्यानं म्हाताऱ्या साहेबाची गाडी मोडली का गं म्हणून."

नागोजीचा घास थांबला.

"काय झालं?"

"भातात खडा."

"मी निवडलेला भात आहे," अंबूबाई म्हणाली. "खडा दुसरीकडे असेल."

दुसऱ्या दिवशी तो लॉरीस्टँडवर गेला. बसवंत लॉऱ्या धूत होता, ढोपरापर्यंत चिखल. नागोजी सगळं सांगायचं ठरवून गेला होता, वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण तोंडातून निघालं ते "चल रे, कामावर ये" एवढंच. आणि बसवंतने ओल्या हातांनी त्याचे पाय धरले.

"तुम्ही माफ केलंत, अण्णा. लई झालं."

मोठेपणा आयता पायाशी आला की भले भले तो उचलून घेतात. त्यानेही घेतला. दिवसभर बसवंत दुप्पट काम करत होता, अण्णा चहा, अण्णा पाना, आणि नागोजीला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शेषगिरीराव पुन्हा आले ते बॅटरीत पाणी घालून घ्यायला. नागोजी एका गाडीखाली आडवा होता. बसवंत आपणहून पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, माझ्या चुकीनं तुमच्या गुडघ्याला तरास झाला. पुन्हा न्हाई व्हायचं."

गाडीखालून नागोजीला नुसते पाय दिसत होते. साहेबांचे बूट आणि समोर बसवंतच्या अनवाणी, जुळवलेल्या टाचा. तो बाहेर आला.

"बसवंत, हात खाली कर. केबल बरोबर होती." आणि मग त्याने सगळं सांगितलं. एरंडेल, पीस, चकती, सगळं. खंडोजीसमोरही सांगितलं.

शेषगिरीराव आधी हसले. "म्हणजे देवाच्या तेलानं घात केला म्हणा."

"देवाच्या नाही. माझ्या."

मग ते हसायचे थांबले.

बसवंतने जोडलेले हात आता कुठे सोडले. "तुम्हाला कवा कळलं?"

"तुला आणायला आलो त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे म्या पाया पडलो तवा ठाव हुतं."

"होतं."

बसवंतने मान हलवली. रागावला असता तर नागोजीला सोपं गेलं असतं. "मला सांगून काय उपेग?" तो म्हणाला. "माझी केबल बरोबर हुती हे मला ठावच हुतं. गंगव्वाला सांगा. नळावर तिला बोलतात."

नळाला पाणी चारनंतर यायचं. नागोजी त्याआधीच पोचला. गंगव्वा एकटीच होती, कोरड्या नळाखाली घागर लावून. नवऱ्याचा मेस्त्री समोर उभा राहिलेला पाहून तिने पदर सावरला. नागोजीने सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही ते सोपं नव्हतं, जीभ एरंडेल प्यायल्यासारखी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सरी," ती म्हणाली. "आता पाणी सुटंल. बाकीच्या येतील. तवर त्या कट्ट्यावर बसा."

"कशाला?"

"मला एकटीला सांगून त्यांना कसं कळणार? बोलल्या त्या. ऐकायचंबी त्यांनीच."

नागोजी कट्ट्यावर बसला. एवढा मोठा मेस्त्री, बायकांच्या नळावर. गल्लीतून घागरींचा आवाज आला, दोघी आल्या, त्याला बघून कुजबुजल्या, मग आणखी तिघी. नळ फुसफुसला. सगळ्यांच्या मागून कमरेवर घागर घेऊन अंबूबाई आली आणि जागीच थबकली.

"तुम्ही इथं काय करता?"

नागोजी उठून उभा राहिला.

"सांगतो," तो म्हणाला. "सगळ्या येऊ देत."