तुळशीपाशी ऐकलेलं लग्न

आमच्या जळकोटात एक खडा मारला तर तो हमखास एखाद्या कवीला लागतो. एक मास्तर, एक एसटीचा कंडक्टर, तहसीलमधला एक आणि खताच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला एक. हा शेवटचा माझा नवरा. लग्न ठरताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बिलोलीहून मी इकडं आलेच नसते, असं मी ह्यांना अजून ऐकवते.

न सांगितलेलं आणखी एक होतं. मला बघायला आले तेव्हा हे तोंडातून चकार शब्द काढेनात. मला वाटलं, केवढा हा तोरा! लग्नानंतर कळलं, तोरा कसला, ह्यांची जीभ अडते. 'पाणी दे' म्हणायचं तर 'प'पाशीच सगळं थांबायचं, मान ताठ व्हायची, डोळे गच्च मिटायचे. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. वाट बघणं मला जमत न्हाई. मी आधीच तांब्या पुढं करायची, आणि ह्यांना त्याचाच राग यायचा. असे काही महिने गेले. मग एकदा जेवताना ह्यांनी ताटाकडं बघत, ओवीच्या चालीवर म्हटलं,

मीठ डब्यात बसलं, भाजी आली ताटात,
सांगावं तर कुणाला, मालकीण हाय रागात.

एका जागी अडले न्हाईत. मी पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. लग्न झाल्यापासून माझ्याशी एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलले होते.

चालीत बसवलं की ह्यांची जीभ सुटायची. का, ते मला ठाऊक न्हाई, डॉक्टरलाही नीट सांगता आलं न्हाई. तेव्हापासून घरातलं आमचं निम्मं बोलणं ओवीत. भांडणंसुद्धा. आता भांडणात समोरचा माणूस यमक जुळवायला थांबला की आपला राग तिथंच निम्मा निवतो, हा बायकोवर केवढा अन्याय आहे, ते ज्याचं त्याला ठाऊक.

हळूहळू दुकानात युरिया न्यायला आलेले कवी घरात चहाला यायला लागले. चहा करून करून मी कावले. कविता म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे माझं मत मी कप आदळून सांगायची. पण माजघरातही कानावर पडायचं ते पडायचंच. कंडक्टरची एक कविता होती, गाडीत कुणाची तरी राहून गेलेली एकच चप्पल, तिच्यावर. ती ऐकता ऐकता माझं दूध उतू गेलं. त्या दिवसापासून मी दारात उभी राहून ऐकायला लागले, मग पाटावर बसून. आता तर चांगली कविता ऐकली की मला रागच येतो, हे आपल्याला कसं सुचलं न्हाई म्हणून.

हे मात्र कधी कार्यक्रमात म्हणायला उठले न्हाईत. नांदेडला, लातूरला कविसंमेलन असलं की जायचे, मागच्या रांगेत बसायचे, घरी येऊन दुसऱ्यांच्या कविता मला पाठ म्हणून दाखवायचे. स्वतःचं नाव पुकारलं की हात जोडून नको म्हणायचे. कविता म्हणायची भीती नव्हती. पण त्याआधी 'अध्यक्ष महोदय' म्हणावं लागतं ना, ते साधं बोलणं. तिथं हे अडायचे.

आमची लेक किनवटला नर्स आहे. तिच्याशी फोनवर हे ओवीतच बोलायचे आणि तिकडं तिच्या बरोबरच्या पोरी स्पीकर लावून ऐकायच्या. तिचं लग्न ठरलं. साखरपुड्यात मुलाच्या आत्यानं ह्यांना सहज विचारलं की तुमचं गाव मूळचं कोणतं. साधी गोष्ट! ह्यांची मान ताठ झाली, डोळे मिटले, गाव काही येईना. आत्याबाईनं शेजारणीच्या कानाला लागून विचारलं, माणूस डोक्यानं ठीक हाय ना? तिला वाटलं हळू बोलली. सगळ्यांनी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं.

घरी आल्यावर दोन दिवस हे दुकानातल्या वहीत काहीतरी खरडत होते. मग म्हणाले, म्हणजे चालीवरच म्हणाले, की लेकीच्या लग्नात एक मंगलाष्टक मी म्हणणार. स्वतः रचलेलं. त्या आत्याबाईसमोर.

आता आमच्याकडं नातेवाइकांनी मंगलाष्टक म्हणायची पद्धतच आहे. मामा, काका, जो तो माइक धरतो आणि लोक अक्षता मुठीत धरून ताटकळतात. त्यामुळं ह्यात नवल काही नव्हतं. पण माझ्या धाकट्या दिराचा जीव खालीवर व्हायला लागला. चारचौघांत दादा अडला तर हसं होईल, सोयरे पहिल्याच दिवशी पोरीला ऐकवतील, असं भाऊजी मला रोज सांगायचे. मलाही तीच धास्ती होती, खोटं कशाला बोलू. लेक तेवढी ठाम होती. पप्पा म्हणणार नसतील तर मी पाटावर उभी राहणार न्हाई, असं तिनं फोनवर काकाला ऐकवलं. माझ्याच पोटची ती.

ह्यांनी मग खरंखुरं वृत्तातलं मंगलाष्टक रचलं. लांबलचक ओळी, जड जड शब्द. दुकानात खताच्या पोत्यांसमोर उभे राहून म्हणायचे. मास्तर मात्रा तपासायचे. एका अक्षराला कुठं जीभ अडत नव्हती. मला ते फारसं कळायचं न्हाई, पण ह्यांचा आवाज खणखणीत लागायचा, आणि मी मनातल्या मनात म्हणायची, देवा, तेवढी चार ओळींची लाज राख.

लग्न नांदेडला, एका मंगल कार्यालयात. आमच्यात मुलीच्या आईनं लेकीवर पडणाऱ्या अक्षता बघायच्या नसतात. तिनं तुळशीपाशी जाऊन पाणी घालत बसायचं. कुणी काढली ही रीत, त्याला एकदा भेटायचंय मला. नऊ महिने वागवायचं, वाढवायचं आणि ऐन वेळेला उठून मागच्या दाराला जायचं! पण मोडायची हिंमतही झाली न्हाई. लेकीचं वाईट व्हावं असं कुणाला वाटतं? कार्यालयाच्या मागं, स्वयंपाकघराच्या बाहेर कुंडीत तुळस होती. तिथं मी तांब्या घेऊन उभी राहिले. शेजारी पुऱ्या लाटणाऱ्या बायका बसल्या होत्या. वर भिंतीला कर्णा होता. त्या कर्ण्यातून जे येईल तेवढंच माझं लग्न.

कर्ण्यातून आधी सत्कार आले. आजी अध्यक्ष, माजी अध्यक्ष, होऊ घातलेले अध्यक्ष. आमच्या भागात लग्नाचा मुहूर्त पुढाऱ्यांच्या शालींखाली कुठं गडप होतो, कळत न्हाई. माइकवरचा माणूस ज्याला त्याला 'दोन शब्द बोला' म्हणून पुढं करत होता. शेवटी गुरुजींनी एक मंगलाष्टक म्हटलं, सावधान झालं, अक्षतांचा सडसड आवाज आला. मग मुलाच्या मामांचं झालं. मग माइकवरच्या माणसाचा आवाज आला, "आता वधूचे वडील आपलं मनोगत व्यक्त करतील."

मी कपाळाला हात लावला. मेल्या, मनोगत न्हाई रे, मंगलाष्टक! पण त्याच्या जिभेला सत्कारांचं वळण पडलेलं. आणि आमचे हे सरळ मनाचे. समोरच्यानं बोला म्हटलं की आधी बोलावं लागतं, असं ह्यांना वाटलं. कर्ण्यातून आवाज आला, "म... म... म..."

मग काहीच न्हाई. मला न दिसताही दिसत होतं, मान ताठ, डोळे मिटलेले. मंडपात मागं कुणीतरी खिदळलं. मग दोघं-चौघं. पुऱ्या लाटणाऱ्या बायका हात थांबवून कर्ण्याकडं बघायला लागल्या. पुन्हा "म... म..." आणि आता मंडपभर हसू. भाऊजींचा आवाज आला, "दादा, राहू दे, माइक दे." तुळशीत पाणी घालायचं सोडून मी ते पायावर ओतून घेत होते. जावं का आत? गेले तर लेकीचं अशुभ, न गेले तर ह्यांचं असं. मला त्या रीतीचा, त्या माणसांचा, सगळ्यांचा असा संताप आला!

मग कर्ण्यातून ह्यांचा आवाज आला. ते वृत्त न्हाई, ते जड शब्द न्हाईत. घरातली चाल.

पाटावर उभी लेक, शालू पिवळा नेसली,
मुंडावळ्यांच्या आडून तुझ्यावाणी ती हसली.

खिदळणारे थांबले. माझाही हात थांबला. हे काय म्हणून राहिले, मला कळेना. हे तर रचलेलं नव्हतं. पुढचं आलं,

जावयाच्या उंचीपुढं पडदा पडला उणा,
चोरून बघती दोघं, सांगू नकोस तू कुणा.

ह्यावर सगळे हसले, पण हे हसणं वेगळं होतं. त्यात आत्याबाईही असाव्यात, एका बाईमाणसाचा जाड आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला. गुरुजी हळूच म्हणाले की हे मंगलाष्टकात बसत न्हाई, तेही कर्ण्यानं मला पोचवलं. हे थांबले न्हाईत.

तुळशीपाशी तू उभी, इथं सुनी तुझी जागा,
तुझ्या वाट्याच्या अक्षता मी टाकतो, नको त्रागा.

आणि मग एकट्यानं, स्वच्छ, एकाही ठिकाणी न अडता, "सावधान!"

अक्षतांचा आवाज मंडपातून मागपर्यंत आला. मी हुंदके देऊन रडत होते, आणि डोळ्यांसमोर पिवळा शालू, हसणारी लेक, उंच जावई, सगळं लग्न उभं होतं. पुऱ्या लाटणाऱ्या बायकांतल्या एकीनं पिठाच्या हातानं मला धरून खाली बसवलं. तिनं कर्ण्याकडं बघत विचारलं, "मावशी, एवढी माणसं म्होरं बसलेली सोडून हे कुणाला सांगून राहिले वो?"

म्हटलं, "मला."