तळातली जनावरं आणि आसाराम भाऊजींची म्हैस

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे गल्लीनं वर आणखी तिखटमीठ लावायला नको!

आमचे हे गेले, मुलगा-सून पुण्याला. घरात मी आणि टीव्ही. टीव्हीला विचारलं, "बाबा, जेवलास का?" तर तो उत्तर देतो का? म्हणून मी शेजारी जरा कान देते. लोक त्याला भोचकपणा म्हणतात. म्हणू द्या.

शेजारची मनीषा सुट्टीला आली होती. गोव्याला प्राण्यांचं काहीतरी शिकते. म्हणजे जनावरांची डॉक्टर, हे माझं मीच ठरवून टाकलेलं! चहाला ये म्हणून तिला रोज सांगायची, पण पोरीच्या कानाचा फोन सुटेल तर ना.

त्या दिवशी मी भिंतीपलीकडून ऐकलं, "सर, तेल सांडलं ते वरून गेलंय, पण खाली मुरलंय. तळातली जनावरं मेली. किडे तेवढे झालेत. हळू चालणारी अजून परतलीच नाहीत!"

तळातली म्हणजे आपल्या तळ्यातली! तळ्यावर टँकर उलटला! आणि हळू चालणारी म्हणजे कोण? आसाराम भाऊजींची लंगडी म्हैस! सकाळीच तळ्याकडं गेलती.

"भाऊजी, पळा! तळ्यात तेल सांडलंय! तुमची म्हैस गेली!"

"कोन म्हनलं?"

"डॉक्टरीन म्हनली!"

भाऊजी अनवाणी पळाले. मागून सगळी गल्ली. कुणी दोर घेतला, कुणी बाजलं घेतलं. बाजलं कावून? म्हैस उचलून आणायला म्हणे!

तळ्यावर पाहतो तर काय, तेलाचा थेंब न्हाई. म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात बसून निवांत रवंथ करतेय.

गल्ली तरातरा माझ्या अंगणात आली. मनीषाही आली. आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "काकू, तळ्यातली न्हाई, समुद्राच्या तळातली! जनावरं म्हंजे शिंपले, खेकडे, गांडुळासारखे किडे."

"खेकड्याला जनावर म्हनतेत व्हय!"

"वरून पानी स्वच्छ दिसतं, काकू. पन तेल खालच्या गाळात वर्षानुवर्षं ऱ्हातं. किडे पहिल्यांदा येतेत, गर्दी करतेत. सावकाश वाढनारी, जास्त जगनारी जनावरं कधी परततील, कुनी सांगावं?"

हे गेले तेव्हा आमच्याकडंही आधी गर्दीच झाली होती.

"गप्प काय बसली आता?" भाऊजी कडाडले. "माझे पाय सोलून निघाले!"

सगळे एकदम बोलायला लागले. मी मोठं पातेलं काढलं, चुलीवर चहा ठेवला. ते शिव्या घालत होते, मी कप भरत होते. अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई! मनीषासुद्धा ओट्यावर टेकली, फोन बाजूला ठेवून.

"भाऊजी, साखर कमी तर न्हाई ना?" मी विचारलं.

भाऊजींनी घोट घेतला, माझ्याकडं बघितलं.

"वहिनी, येवढी मानसं पाहिजे होती तर नुसतं चहाला बोलवायचं की. माझ्या म्हशीला कावून मारलं?"