किनूची जिवणी

तोमेकिचीने जन्मभर कपडेच कोरले. एदो शहरातल्या त्या छापखान्यात लाकडी ठशावर चेहरे कोरायचा मान थोरल्या कारागिराचा, कानेजोचा. इतरांनी बाह्या, चुण्या, देवळाचे खांब कोरायचे. त्याचं तोमेकिचीला कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटलं ते किनू गेल्यावर.

किनू त्याची एकुलती एक लेक. जत्रेत हातात घुंगरांचा झुबका घेऊन देवापुढे नाचायची. त्या उन्हाळ्यात कॉलरा आला आणि सकाळी तांदूळ धुणारी पोर दुसऱ्या दिवशी राख झाली.

पुढे एका चित्रकाराने जत्रेत काढलेलं तिच्या नाचाचं चित्र कोरायला आलं. पातळ कागदावर हुबेहूब किनू. तोमेकिचीने ते दाखवायला घरी नेलं. बायकोने, शिगेने, ते पाहिलं आणि हातातून सोडेना.

"हे फळीवर चिकटवून कापणार तुम्ही. कागद उरत नाही, मला का ठाऊक नाही?"

"अगं, छाप शेकड्यांनी निघतील. घरोघरी जाईल आपली पोर."

"घरोघरी कशाला? मला घरात हवी."

"चित्र मालकाचं आहे, शिगे."

"मग चेहरा कानेजोदादांना कोरू द्या. तुम्ही नका हात लावू."

कानेजोही तेच म्हणाला. "तोमे, तू बाह्या कर. पोटच्या पोरीवर हात चालत नसतो."

चेहरा मलाच कोरू द्या म्हणून तोमेकिचीने त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकलं. कानेजोला दया आली, आणि नको तिथे आली.

चित्र फळीवर उलटं चिकटलं. बाह्या सुरेख उतरल्या. कपाळ झालं, नाक झालं. ओठांपाशी त्याचे डोळे भरून आले, पातं घसरलं आणि जिवणीचा टवका उडाला. कागदही गेला.

कानेजो ओरडला नाही. त्याने तिथे नवं लाकूड ठोकून बसवलं. "नाचताना कशी असायची रे तिची जिवणी? सांग, तशी करतो."

तोमेकिचीने डोळे मिटले. घुंगरं आठवली, पावलं आठवली. जिवणी काही केल्या आठवेना. बापाला लेकीचं तोंड आठवू नये, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. शिगेला ते पाठ होतं, पण तिला विचारायचा धीर कुठून आणणार?

शेवटी कानेजो सगळ्या सुंदर बायकांना जी कोरायचा, तीच जिवणी त्याने कोरली.

चित्र खूप खपलं. एक छाप तोमेकिचीने घरी नेला. शिगेने तो दाराशी, उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाची मुलगी?"