दोन पेट्यांच्या मधात

माझ्या सरकीच्या दुकानासमोरचा शिंपी कोणालाच नाही म्हणत नाही. तुमचं वाक्य संपायच्या आत मान हलवून म्हणतो, "बरोबर आहे, शेट."

पहिल्या लोकसभेला मी अपक्ष उभा होतो. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. महिनाभर माझा चहा पिऊन त्याने मला मताचा शब्द दिला होता. तो मतदान करून आल्यावर मी विचारलं, "माह्याच पेटीत टाकलं ना बे?"

"मताची चिठ्ठी दोन पेट्यांच्या मधात ठेवली, शेट. तुमाले वाईट वाटाले नोको, अन् त्या दुसऱ्या उमेदवारालेबी."

मी पडलो. जिंकलेल्याच्या मिरवणुकीत शिंपी हार घेऊन पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडे चहाला.

"बेइमान आहेस तू!" मी ओरडलो.

बशी फुंकत त्याने मान हलवली. "बरोबर आहे, शेट."